इंग्लंडमध्ये प्लॅनिंग परमिशनशिवाय घर वाढवायचंय? आधी टेप कुठून लावायचा ते बघा

इथे घर घेतलं की वर्ष-दोन वर्षांत विषय निघतोच, मागे एक्स्टेन्शन काढूया का. कारणं पण ठरलेली, किचन एवढंसं आहे आणि फोडणी घातली की वास वरच्या बेडरूममधल्या कपड्यांपर्यंत जातो, आई-बाबा सहा महिने येणार त्यांना जिना नको म्हणून खाली एक खोली आणि बाथरूम हवंय, नाहीतर घरून काम करायला दार लावता येईल अशी जागा नाही. मग कुठल्यातरी वाढदिवसाला कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "अरे तीन मीटरपर्यंत परमिशन लागतच नाही, आमच्या बिल्डरनंच सांगितलं." हे वाक्य अर्धं खरं आहे आणि लोक अडकतात ते उरलेल्या अर्ध्यात. म्हणून ज्यांनी नुकतंच घर घेतलंय त्यांच्यासाठी सगळं ओळीने लिहितोय.

मुळात परमिशन "लागत नाही" असं नसतं, ती सरकारने सगळ्यांना एकगठ्ठा आधीच देऊन ठेवलेली असते. त्याला पर्मिटेड डेव्हलपमेंट म्हणतात, सगळे पीडी म्हणतात, आणि ती २०१५ च्या एका सरकारी ऑर्डरमध्ये आहे. त्यात क्लास ए म्हणजे एक्स्टेन्शन, बी आणि सी म्हणजे छप्पर, डी म्हणजे पोर्च, ई म्हणजे बागेतली खोली किंवा शेड, एफ म्हणजे पुढचं पेव्हिंग अशी अक्षरं आहेत, आर्किटेक्ट बोलताना हीच अक्षरं फेकतात म्हणून माहीत असलेली बरी. प्रत्येक क्लासला मापं आहेत. मापात बसलात तर परमिशन आहेच, पाच सेंटीमीटरनी बाहेर गेलात तर जास्तीचे पाच सेंटीमीटरच नाही, आख्खं बांधकामच बेकायदेशीर धरलं जाऊ शकतं.

आणि हे सगळं फक्त इंग्लंडचं. वेल्स, स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंड प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत, कार्डिफच्या किंवा एडिनबराच्या मित्राची मापं हाउन्सलोत वापरू नका.

१. तुमच्या घराला पीडी आहे का, हे आधी

लोक सरळ डिझाईनवर उडी मारतात, पिंटरेस्टवरचे स्कायलाईट आणि बायफोल्ड दारं बघत बसतात, आणि हा प्रश्न शेवटी येतो. तो पहिला यायला हवा.

फ्लॅट किंवा मेझोनेट, म्हणजे दोन मजल्यांचा फ्लॅट, असेल तर विषय संपला, हे हक्क फक्त घरांना आहेत. तळमजल्याचा फ्लॅट आहे, मागची बाग तुमच्याच नावावर आहे, तरी नाही. एखादं ऑफिस किंवा दुकान पीडीखालीच घरात बदललेलं असेल तर त्यालाही नाही. लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत असलेली इमारत, असेल तर वेगळी संमती लागते आणि ती न घेता काम करणं तिथे सरळ गुन्हा आहे.

कॉन्झर्व्हेशन एरिया, म्हणजे जुनं रूप जपायचा भाग, असेल तर पीडी जात नाही पण बरीच छाटली जाते, साईड एक्स्टेन्शन नाही, मागे दोन मजली नाही, लॉफ्टचा, म्हणजे छपराखालच्या माळ्याचा, डॉर्मर (उतरत्या छपरातून बाहेर काढलेला उभ्या खिडकीचा भाग) नाही, बाहेरून क्लॅडिंग नाही. त्यात कौन्सिलने आर्टिकल फोर डायरेक्शन, म्हणजे पीडीचे हक्क काढून घेणारा आदेश, लावलेलं असेल तर राहिलेलंही काढून घेतलेलं असू शकतं. लंडनमधल्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमध्ये असं आहे, आणि तिथे कौन्सिलशिवाय तिथल्या ट्रस्टचीही संमती घ्यावी लागते. लेचवर्थला पण तसंच, तिथे हेरिटेज फाउंडेशन आहे. पत्ता टाकला की कॉन्झर्व्हेशन एरिया आणि आर्टिकल फोर दिसेल असा नकाशा बहुतेक कौन्सिलच्या वेबसाईटवर असतो, दहा मिनिटांचं काम आहे.

आता आपल्या लोकांना सगळ्यात जास्त बसणारा फटका, न्यू बिल्ड. मिल्टन कीन्स, रेडिंग, स्विंडन इकडच्या नव्या इस्टेटींमध्ये आपली बरीच मंडळी आहेत. अशा कित्येक इस्टेटींना परमिशन देतानाच कौन्सिलने अट घातलेली असते की या घरांना क्लास ए, बी, ई चे हक्क नाहीत. हे घर घेताना कोणी ओरडून सांगत नाही. कौन्सिलच्या साईटवर तुमच्या इस्टेटचा मूळ प्लॅनिंग अर्ज शोधायचा, त्याची डिसिजन नोटीस उघडायची आणि अटी एकेक वाचायच्या. त्यातच कधीकधी "गॅरेज फक्त गाडीसाठीच ठेवावं" अशीही अट असते, म्हणजे एरवी गॅरेजची खोली करायला सहसा परमिशन लागत नाही पण तुम्हाला लागेल. याशिवाय घराच्या टायटलवर डेव्हलपरचं कोव्हनंट, म्हणजे मालकीच्या कागदातच घातलेली अट, असतं, त्याचा प्लॅनिंगशी संबंध नाही, पण "आमच्या संमतीशिवाय बांधकाम नको" असं लिहिलेलं असेल तर तीही परवानगी काढायची. लीजहोल्ड घर असेल तर फ्रीहोल्डरला, म्हणजे जमिनीच्या मालकाला, विचारायचं. एकदा खरेदीच्या वेळचं सॉलिसिटरचं पत्र काढून नीट वाचा, जे तेव्हा चावी मिळायच्या आनंदात कोणीच वाचत नाही.

२. टेप कुठून लावायचा

सगळ्या नियमांत एक शब्द परत परत येतो, मूळ घर. मूळ घर म्हणजे तुम्ही विकत घेतलं तेव्हाचं घर नाही. १ जुलै १९४८ ला ते जसं होतं तसं, आणि त्यानंतर बांधलेलं असेल तर पहिल्यांदा बांधलं तेव्हा जसं होतं तसं.

समजा हॅरोमध्ये १९३० च्या दशकातलं सेमी, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर, आहे. आधीच्या मालकाने नव्वदच्या दशकात मागे अडीच मीटरचं किचन वाढवलं. तुम्हाला वाटतं आपल्याला तीन मीटरची मुभा आहे म्हणजे किचनच्या भिंतीपासून पुढे तीन मीटर. नाही. टेप लागतो तो १९४८ च्या मागच्या भिंतीपासून, आणि ती भिंत आता तुमच्या किचनच्या मधोमध तोडून वर स्टीलचा बीम टाकलेला आहे. म्हणजे तुमच्याकडे शिल्लक आहे अर्धा मीटर, त्यात फ्रीजसुद्धा धड बसणार नाही. आधीचं बांधकाम परमिशन घेऊन केलं होतं का न घेता, याने फरक पडत नाही, ते मूळ घर नाही एवढंच. लॉफ्टच्या घनमापाचंही तसंच, आधीच्या मालकाने वापरलेलं तुमच्या खात्यातून वजा.

हे ओळखायचं कसं? शेजारची घरं बघा, एकाच वेळी बांधलेली असतात, चार घरांची मागची भिंत एका रेषेत आणि तुमची पुढे आलेली म्हणजे समजायचं. विटांचा रंग बदलतो. कौन्सिलकडे पत्त्यावर जुने अर्ज दिसतात. गूगलच्या उपग्रह चित्रातही छपरावरून कळतं.

मापं बाहेरून घेतात, प्लास्टर किंवा बाहेरचं इन्सुलेशन धरून. उंची मोजतात ती घराला लागून असलेल्या मूळ जमिनीच्या सगळ्यात उंच जागेपासून. बाग उतरती असेल तर हे तुमच्या फायद्याचं ठरतं, पण आधी मातीचा भराव टाकून "ही बघा जमीन" म्हणायचं, असं चालत नाही.

३. मागची एकमजली

मापं आता एकदाच सांगतो. डिटॅच्ड, म्हणजे सुट्या, घराला मागे ४ मीटर, बाकी सगळ्यांना, म्हणजे सेमीला आणि टेरेसला (रांगेत एकमेकांना चिकटलेली घरं, गच्ची नव्हे), ३ मीटर. सेमीवाले स्वतःला डिटॅच्डच्या जवळचे समजतात पण इथे ते टेरेसच्या रांगेत आहेत. उंची जास्तीत जास्त ४ मीटर. हद्दीपासून २ मीटरच्या आत असाल तर छपराची कड, म्हणजे ईव्ह्ज, ३ मीटरच्या वर नको. सेमी आणि टेरेस म्हणजे एक बाजू हद्दीला चिकटलेलीच, त्यामुळे ३ मीटर हाच तुमचा खरा आकडा. मूळ घर सोडून जेवढी जागा आहे तिच्यापैकी निम्म्याहून जास्त जागेवर बांधकाम नको, यात शेड पण धरतात. दिसायला सामान साधारण जुन्या घरासारखं हवं. पुढच्या दर्शनी भिंतीच्या पुढे काही काढायचं नाही, आणि कोपऱ्यावरचं घर असेल तर रस्त्याकडच्या बाजूलाही नाही.

एक्स्टेन्शनच्या छपरावर कठडा लावून गच्ची करायची, संध्याकाळी वर चहा घेत बसायचं, हे स्वप्न पीडीत नाही. बाल्कनी आणि उंच प्लॅटफॉर्म वगळलेत, जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या वरचं डेकिंगसुद्धा.

दोन मजली मागे काढायचं असेल तर ३ मीटर, आणि मागच्या हद्दीपासून ७ मीटर सोडून. वाचायला बरं वाटतं, पण वरचा ईव्ह्जचा नियम लावून बघा. हद्दीच्या २ मीटरच्या आत कड ३ मीटरच्या वर जाऊ शकत नाही, आणि दोन मजली म्हणजे कड पाच मीटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांपासून दोन-दोन मीटर आत यावं लागतं. पाच मीटर रुंद टेरेसमध्ये उरतो एक मीटर. त्यामुळे बिल्डर म्हणाला "डबल स्टोरी पीडीत करून देतो" तर त्याला हा एकच प्रश्न विचारा आणि तोंड बघा.

४. व्हिक्टोरियन टेरेस असेल तर इथे थांबून वाचा

ईस्ट हॅम, वॉल्थमस्टो, रेडिंगचा जुना भाग, इथली टेरेस घरं वरून बघितली तर इंग्रजी एल आकाराची दिसतात. मुख्य घर, आणि मागे किचनचा अरुंद भाग बाहेर आलेला, ज्याला बिल्डर लोक आउटरिगर म्हणतात. आउटरिगर आणि शेजारची भिंत यांच्यामधे दीड-दोन मीटरची चिंचोळी पट्टी राहते, तिला साईड रिटर्न म्हणतात, तिथे बहुतेक वेळा जुनी सायकल आणि व्हीली बिन असतात.

आउटरिगर घराबरोबरच बांधलेला असला तर तो मूळ घराचाच भाग. त्यामुळे तुम्हाला मागच्या भिंती दोन, एक आउटरिगरची आणि एक मुख्य घराची, आणि प्रत्येकीचे ३ मीटर वेगळे मोजायचे. साईड रिटर्न भरायचा असेल तर तो आउटरिगरच्या बाजूच्या भिंतीपलीकडे जातो म्हणून त्याला साईड एक्स्टेन्शनचा नियमही लागतो, रुंदी मूळ घराच्या निम्म्याहून जास्त नको, एकमजली, उंची ४ मीटर. घर ५ मीटर रुंद, पट्टी १.८ मीटर, म्हणजे निम्म्याच्या आत, चाललं. पण लांबी मोजायची मुख्य घराच्या मागच्या भिंतीपासून, ३ मीटर. आउटरिगर ५ मीटर लांब असेल तर पट्टीचे पहिले ३ मीटर भरता येतील आणि शेवटचे २ मीटर तसेच राहतील.

आता सगळ्यांना हवं असतं ते रॅपअराऊंड, म्हणजे पट्टीही भरायची, आउटरिगरच्या मागेही जायचं आणि दोन्ही जोडून एक मोठं चौकोनी किचन करायचं. दोन्ही भाग जोडले की ते एकच बांधकाम धरतात, त्याची रुंदी होते घराएवढी, निम्म्याचा नियम मोडला. म्हणून रॅपअराऊंडला साधारणपणे पूर्ण प्लॅनिंग परमिशन लागते. वेगवेगळे दोन तुकडे पीडीत, जोडलेले नाहीत, हे ऐकून माणूस चिडतो पण नियम तसाच आहे. खरं सांगायचं तर अशा घरात सरळ हाउसहोल्डर अर्ज, म्हणजे पूर्ण परमिशनचा अर्ज, करावा असं माझं मत आहे, कारण गल्लीत दहा जणांनी आधीच रॅपअराऊंड केलेलं असतं आणि कौन्सिल सहसा फार आडकाठी करत नाही, पीडीत बसवायच्या हट्टापायी वाकडंतिकडं किचन कशाला करायचं.

५. तीन पुरत नाही, सहा हवेत

सेमी किंवा टेरेसला ६ मीटरपर्यंत आणि डिटॅच्डला ८ मीटरपर्यंत एकमजली जाता येतं, पण त्यासाठी आधी कौन्सिलला कळवावं लागतं, याला प्रायर अप्रूव्हल म्हणतात. ही आधी तात्पुरती सोय होती, २०१९ मध्ये कायमची झाली. कॉन्झर्व्हेशन एरियात मिळत नाही.

या अर्जाचा जीव तीन आकड्यांत असतो, मूळ मागच्या भिंतीपासून किती बाहेर, सगळ्यात जास्त उंची किती, ईव्ह्जची उंची किती. सोबत जागेचा नकाशा आणि लागून असलेल्या घरांचे पत्ते. कौन्सिल त्या शेजाऱ्यांना पत्र पाठवते आणि निदान २१ दिवस देते. कोणीच हरकत घेतली नाही तर त्यांच्यावर काय परिणाम होईल याचा विचार कौन्सिल करतच नाही. एकाने जरी घेतली तर मग उजेड, घुसमट वगैरे सगळ्या बाजूच्या घरांसाठी तपासतात आणि नकार येऊ शकतो. ४२ दिवसांत निर्णय कळवला नाही तर अर्जात लिहिलं तसं बांधायला तुम्ही मोकळे, अर्थात बाकीची मापं पाळून.

म्हणून पत्र पोचायच्या आधी तुम्ही स्वतः शेजारी पोचा. ड्रॉइंग हातात घेऊन जा, भिंत त्यांच्या खिडकीपासून कुठे येते ते दाखवा, काम साधारण कधी आणि किती वाजता सुरू होईल ते सांगा. दरवर्षी दिवाळीला ज्यांच्याकडे चकल्या गेल्यात ते सहसा हरकत घेत नाहीत, पण चकल्यांवर विसंबूनही राहू नका, उजेड जाणार असेल तर माणूस घेतोच.

दोन गोष्टी इथे लोक चुकवतात. निर्णयाआधी किंवा ४२ दिवसांआधी खोदाई सुरू केली तर ही सवलत गेली, नंतर मागून प्रायर अप्रूव्हल मिळत नाही, मग पूर्ण अर्जच करावा लागतो. आणि ६.० मीटर लिहिलंय तर ६.० च, बिल्डरनं शेवटच्या क्षणी बाहेरून जाड इन्सुलेशन आणि रेंडर लावून ६.१ केलं तरी ते मंजूर झालेलं बांधकाम नाही. काम पुरं झालं की कौन्सिलला तसं लेखी कळवायचं, ही पण अट आहे.

६. लॉफ्ट

इथे मीटर नाही, घनमीटर. टेरेसला ४० आणि सेमी-डिटॅच्डला, डिटॅच्डला ५०, छपरात जेवढी नवीन जागा वाढवाल तेवढी. नुसत्या वेलक्स, म्हणजे छपराच्या उतारातच बसवायच्या, खिडक्या घालून आतली जागा वापरली तर ती यात येत नाही, फक्त त्या छपराच्या पातळीच्या १५ सेंटीमीटरपेक्षा वर येऊ नयेत.

हिशेब घरी करता येतो. डॉर्मर बाजूने त्रिकोणी दिसतो, म्हणून रुंदी गुणिले उंची गुणिले खोली, भागिले दोन. टेरेसवर ५ मीटर रुंद, २.४ उंच, ३.२ खोल डॉर्मर म्हणजे १९.२ घनमीटर, निम्म्याच्याही आत. सेमीला बाजूचं उतरतं छप्पर उभं करून घेतात, हिप टू गेबल, त्याचं गणित घराची खोली गुणिले छपराची उंची गुणिले हिपची आडवी लांबी, भागिले सहा. ८ मीटर, ३ मीटर आणि ४ मीटर धरले तर १६ घनमीटर. त्यावर मागे तेवढ्याच उंची-खोलीचा ७ मीटर रुंद डॉर्मर म्हणजे साधारण २७. एकूण ४३, पन्नासच्या आत. म्हणूनच लंडनच्या उपनगरांत रांगेने तसलेच चौकोनी डॉर्मर दिसतात, ते सुंदर आहेत असं कोणाचंच मत नसावं, पण मापात बसतात.

बाकी अटी अशा, रस्त्याकडच्या पुढच्या उतारावर डॉर्मर नाही, जुन्या माथ्यापेक्षा उंच नाही, मागे कडेपासून २० सेंटीमीटर तरी आत, बाजूच्या भिंतीत खिडकी असेल तर दुधी काचेची आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खाली न उघडणारी.

छप्पर तसंच उचलून आख्खा मजला वाढवायची सोयही २०२० पासून आहे, क्लास एए, पण ती प्रायर अप्रूव्हलवाली आणि भरपूर अटींची, १ जुलै १९४८ च्या आधीच्या घरांना नाहीच. नवख्यांनी तिच्या नादी लागू नये.

७. बागेतली खोली, पोर्च, ड्राइव्हवे

पोर्च झटपट, बाहेरून ३ चौरस मीटर, उंची ३ मीटर, रस्त्याच्या हद्दीपासून २ मीटर लांब. चपलांचं कपाट बसतं, अजून काय पाहिजे. पुढची बाग काढून गाडीसाठी पेव्हिंग करायचं आणि ते ५ चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर पाणी झिरपणारं हवं किंवा पाणी तुमच्याच मातीत सोडायचं, रस्त्यावर नाही. गाडी आत घ्यायला फुटपाथची कड, म्हणजे कर्ब, खाली करायची तर हायवेची, म्हणजे रस्ते खात्याची, परवानगी वेगळी.

बागेतल्या खोलीवर जरा बोलायला हवं. एकमजली, हद्दीच्या २ मीटरच्या आत असेल तर एकूण उंची २.५ मीटर, लांब असेल तर दोन उतारांच्या छपराला ४ आणि बाकी छपरांना ३. पुढच्या दर्शनी भिंतीच्या पुढे नाही. ऑफिस, जिम, तबल्याचा रियाज, मुलांची खेळायची खोली, सगळं चालतं. पण तिचा वापर घराला पूरक असायला हवा, राहायचं घर म्हणून नाही. आई-बाबांसाठी मागे बेड, किचन, बाथरूमसकट छोटं घर बांधायचं आणि त्याला "गार्डन रूम" म्हणायचं, हे क्लास ई मध्ये बसत नाही, आणि भाड्याने देणं तर नाहीच नाही. स्लाव कौन्सिलने २०१३ मध्ये उष्णता टिपणारा कॅमेरा लावून विमान फिरवलं होतं, कुठल्या शेडमध्ये माणसं राहतात ते बघायला, त्यामुळे मागे कोण बघतंय असं समजू नका. आई-बाबांची खोली घराला लागूनच काढा, तीच त्यांनाही बरी, थंडीत रात्री बाग ओलांडून यायला नको.

८. कागद घ्या, न विचारता

पीडीत बसतंय अशी खात्री असली तरी लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे काम कायदेशीर आहे असा कौन्सिलचा दाखला, घ्या. कायद्याने सक्तीचं नाही. बिल्डर म्हणेल गरज नाही, त्याला लवकर सुरू करायचं असतं. पण घर विकताना घेणाऱ्याचा सॉलिसिटर पहिलं हेच मागतो आणि रीमॉर्गेजच्या वेळीही विचारलं जाऊ शकतं. काम सुरू करायच्या आधी "प्रपोज्ड" प्रकारचा अर्ज करायचा, प्लॅनिंग पोर्टलवरून, आताचं आणि होणारं अशी दोन्ही ड्रॉइंग मापांसकट आणि लोकेशन प्लॅन जोडून. निर्णयाला आठ आठवडे धरा. इथे शेजाऱ्यांच्या मताला किंमत नाही, प्रश्न फक्त नियमात बसतं का एवढाच.

फी बघा, पूर्ण हाउसहोल्डर अर्जाची फी एप्रिल २०२५ मध्ये २५८ पाउंडांवरून ५२८ झाली, सर्टिफिकेटला त्याच्या निम्मी म्हणजे २६४, आणि मोठ्या एक्स्टेन्शनच्या प्रायर अप्रूव्हलला २४०. आता दर एप्रिलला महागाईप्रमाणे बदलते, पोर्टलचा सर्व्हिस चार्ज वर. सगळ्या कामाच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही, एका बऱ्या नळाची किंमत.

"चार वर्षं कोणी बोललं नाही की आपोआप कायदेशीर होतं" हे जुनं झालं. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ती मुदत दहा वर्षं आहे, त्या तारखेआधी बऱ्यापैकी पुरं झालेलं असेल तरच चार. आणि लपवून ठेवलेल्याला तेही नाही. सरेमधल्या एका शेतकऱ्याने गवताच्या गंज्यांमागे चक्क किल्ल्यासारखं घर बांधून ते चार वर्षं लपवलं होतं, कोर्टात भांडत राहिला आणि २०१६ मध्ये पाडावं लागलं.

९. प्लॅनिंग झालं म्हणजे सगळं झालं असं नाही

पार्टी वॉल. १९९६ चा कायदा, कौन्सिलचा संबंध नाही, हे तुमच्यात आणि शेजाऱ्यात. सामाईक भिंतीत बीम घालायचा असेल, लॉफ्टला तो बहुतेक वेळा घालावा लागतो, तर दोन महिने आधी लेखी नोटीस. हद्दीवर नवीन भिंत किंवा शेजारच्या बांधकामापासून ३ मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खोदणार असाल तर एक महिना आधी. १४ दिवसांत त्यांनी लेखी हो म्हटलं तर उत्तम. गप्प बसले तर ते नाहीच धरतात, मग सर्व्हेअर नेमायचे आणि पैसे साधारणपणे तुमचे. दोघांनी मिळून एकच सर्व्हेअर नेमला तर खर्च बराच कमी होतो, हे शेजाऱ्याला आधी सुचवा.

बिल्डिंग कंट्रोल. प्लॅनिंग म्हणजे बांधू शकता का, बिल्डिंग रेग्युलेशन म्हणजे नीट बांधलं का. पीडी असलं तरी हे लागतंच. कौन्सिलचा इन्स्पेक्टर घ्या किंवा खाजगी रजिस्टर्ड अप्रूव्हर, पण बिल्डर ज्याचं नाव सुचवतो तोच घेतला पाहिजे असं नाही, मी तर मुद्दाम दुसरा घेईन. पायाची चर खोदली की काँक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्टरने बघायला हवी. लंडनची चिकणमाती आणि जवळ मोठं झाड असेल तर तो अजून खोल खणायला सांगतो, बिल अचानक वाढतं ते इथेच, म्हणून कोट घेतानाच "एक मीटरच्या खाली गेलं तर दर मीटरला किती" हे लिहून घ्या. लॉफ्टला जिन्याच्या वाटेवर आग रोखणारी दारं आणि एकमेकांना जोडलेले मेन्सवरचे स्मोक अलार्म लागतात, म्हणजे खालची ओपन प्लॅन बैठक असेल तर जिना कसा सुरक्षित करायचा हे ड्रॉइंगच्या वेळीच सोडवा. शेवटी कम्प्लीशन सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय बिल्डरचा शेवटचा हप्ता सोडू नका. हातात आल्याशिवाय म्हणजे हातात, "ईमेल येईल दोन दिवसांत" म्हणजे नाही.

गटार. मागच्या बाजूने दोन-तीन घरांची मिळून एक ड्रेनलाईन जाते आणि २०११ पासून अशा सामाईक लाईन पाणी कंपन्यांच्या ताब्यात आहेत. तुमचं बांधकाम तिच्यावर किंवा ३ मीटरच्या आत येत असेल तर कंपनीची बिल्ड ओव्हर परवानगी काढायची. बागेतलं मॅनहोलचं झाकण कुठे आहे ते आजच बघून ठेवा, ते नव्या किचनच्या मधोमध येणार असेल तर आर्किटेक्टला पहिल्या दिवशी सांगा.

मॉर्गेजवाल्यांना आणि होम इन्शुरन्सला काम सुरू व्हायच्या आधी कळवा. अर्धी भिंत तोडलेली असताना चोरी झाली किंवा पाणी शिरलं तर न कळवलेला इन्शुरन्स हात वर करतो.

वेळेचं गणित असं बसवा. ड्रॉइंगला थोडे आठवडे, सर्टिफिकेटला आठ, पार्टी वॉलला दोन महिने, पण हे शेवटचे दोन एकमेकांची वाट बघत नाहीत. गणपतीच्या सुमारास आर्किटेक्ट गाठला आणि दिवाळीच्या आगेमागे अर्ज आणि नोटीस एकाच आठवड्यात टाकली तर जानेवारीत सगळे कागद हातात असतात आणि चांगल्या बिल्डरच्या मार्चच्या तारखा तेव्हा अजून शिल्लक असतात. एप्रिलनंतर विचारायला गेलात तर पुढचा उन्हाळा सांगतात.